पडदा धरायला एक जण पाठवा

हे तुम्हाला पटणार नाही, आणि पटलंच तर मलाच तुमची काळजी वाटेल. ज्या कोर्टात हे घडलं तिथला शिपाई दाराशी उभा राहून सगळं आपल्या डोळ्यांनी बघत होता. त्यालाही शेवटपर्यंत पटलं नाही. पण लाईट आल्याशिवाय तुमच्या कपड्यांना इस्त्री होत नाही, आणि सोलापुरात गेलेली लाईट कधी येईल हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही. तेव्हा ऐका. या पोरे मास्तरानं एक पडदा दीड वर्ष शिवला. एकच पडदा, एकच काठ. टीप घालायची, उसवायची. घालायची, उसवायची. आणि शेवटी त्याच पडद्याचं टोक न्यायाधीशबाईंच्या हातात दिलं.

थांबा. तिथनं नको. जिन्याखालनं सुरू करतो.

दुपारचे तीन वाजले होते. भिंतीवरचा फोन उचलून मी म्हणालो, "पडदा धरायला एक जण पाठवा."

"आत्ता?" पलीकडनं खांडके म्हणाला. हा आमचा फ्लोअर मॅनेजर. "साड्यांकडं गर्दी आहे हो मास्तर."

"बारा फुटी पडदा आहे. एकट्याच्या हातनं काठ वाकडा जातो. गिऱ्हाईक ओरडलं तर तुमचं नाव सांगू का?"

"पाठवतो, पाठवतो."

जिन्याखाली कोण आलं, तर सरोजा चिट्याल. साड्यांच्या विभागातली. पस्तिशीची असेल, सकाळी दहाला उभी राहिलेली. आली, कापडाच्या गठ्ठ्यावर बसली, पडद्याचं टोक हातात धरलं आणि डोळे मिटून असा श्वास सोडला की माझ्या मशीनवरचा कागद उडाला.

"किती वेळ ओ मास्तर?"

"सात मिनिटं."

"आठ करा की. आज डावा पाय लई भरून आलाय."

आता तुम्ही विचाराल, दुकान कुठलं? 'झुळझुळ'. तीन मजली, काचेचं, चाळीस शाखा, मुंबईला मोठं ऑफिस. रेडिमेडनं माझं स्वतःचं दुकान बसलं तेव्हा मी तिथं आल्टरेशनला लागलो. पँट आखूड कर, ब्लाऊज ढिलं कर, असली कामं. आम्ही सगळे मिळून चौसष्ट. त्रेसष्ट उभे आणि एक बसलेला. नियमच होता तसा. गिऱ्हाईक कधीही येऊ शकतं, तेव्हा दहा तासांत कुणी बूड टेकायचं नाही. टेकू घ्यायचा नाही. काउंटरवर कोपर ठेवायचं नाही. वर कॅमेरे. जेवायला अर्धा तास, तोही मागच्या गल्लीत, उभ्यानं. मशीन काही उभ्यानं चालवता येत नाही म्हणून स्टूल मला. अख्ख्या इमारतीत एकच स्टूल, आणि त्यावर मी. मला त्याची इतकी लाज वाटायची की आपल्याला बसायला मिळतं हे लोकांना कळू नये म्हणून मी गिऱ्हाइकासमोर अर्धवट उठून बोलायचो. गुडघे दुमडलेले, बूड स्टुलापासून चार बोटं वर. दिवसातनं सहा तास. मांड्या पैलवानासारख्या झाल्या होत्या. तालमीतली पोरं बघायला यायची.

तर त्या पडद्याचं असं झालं. पहिल्या खेपेला खरंच गरज होती. हिरवा, बारा फुटी, कुणाच्या तरी हॉलचा. काठाला दुमड घालायची तर दुसरं टोक कुणीतरी खाली, मशीनच्या पातळीला धरून ठेवावं लागतं. उभ्यानं धरता येत नाही. सरोजाला पाठवलं होतं, ती गठ्ठ्यावर बसली. खांडके आला, बघितलं, काम चाललंय म्हणून गेला. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी ज्याचा पडदा ते गिऱ्हाईक आलंच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग मी काठ उसवला आणि फोन उचलला.

तेव्हापासून बायकांनी आपापसात पाळी लावून घेतली. सकाळी कुजबूज व्हायची, आज कुणाकुणाचे पाय सुजलेत. जिचे जास्त तिची पाळी आधी. मी फोन करायचो, ती यायची, सात मिनिटं बसायची. कुणी बोलायची, कुणी नुसती पायाची बोटं मोजायची. जाताना प्रत्येक जण म्हणायची, "पडदा चांगला झालाय हं मास्तर." त्या काठाला इतकी भोकं पडली की वारा आला तर थांबून विचारायचा, कुठल्यातनं जाऊ? दोऱ्याची दीडशे रिळं संपली. खांडकेनं एकदा विचारलं, इतका दोरा कुठं जातो? मी म्हणालो, सोलापूरची हवा कोरडी, दोरा उडून जातो. त्यानं तसं मुंबईला लिहून कळवलं.

आणि मग एका मंगळवारी मुंबईचा मोठा साहेब न सांगता आला.

सरोजा पडदा धरून बसली होती. तिच्या पायाच्या शिरा तोवर अशा निळ्या आणि जाड झाल्या होत्या, जशा हातमागाच्या दोऱ्या. ई.एस.आय.च्या, म्हणजे कामगार विम्याच्या, डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं होतं, पुढच्या महिन्यातली तारीखही दिली होती. बसल्या बसल्या तिला झोप लागली. काठ मुठीत घट्ट. मी बघितलं आणि मशीन थांबवलं. खडखडाटानं उठेल म्हणून. तेच चुकलं. दीड वर्ष जिन्याखालनं दिवसभर खडखड ऐकणारं दुकान, एकदम गप्प झालं. साहेब जिन्यावरनं उतरत होता, त्याला त्या शांततेनंच गाठलं. वाकून बघितलं त्यानं.

"ही काय करतेय?"

"पडदा धरतेय साहेब."

"झोपेत?"

"झोपेतसुद्धा सोडला नाही बघा. अशी माणसं कुठं मिळतात?"

संध्याकाळी तिच्या हातात पत्र. कामाच्या वेळेत झोपली, बसली, उद्यापासून येऊ नये. गेटावर नेहमीप्रमाणं बायकांची पिशवी तपासतात तशी तिची तपासली, आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. ती रडली नाही. मला एवढंच म्हणाली, "मास्तर, नोकरी गेली की ते ई.एस.आय.चं कार्डपण जातं ना? मग ऑपरेशन?"

मला कार्डाचं काय कळतंय. मी म्हणालो, "काही जात नाही." मला चटकन हो म्हणायची सवय आहे, तशीच चटकन नाही म्हणायचीही.

दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीत, उभ्यानं जेवता जेवता, बासष्ट जणांनी एका कागदावर सह्या केल्या. साड्यांकडच्या, लहान मुलांच्या कपड्यांकडच्या, बिलं करणारे, बाहेर चपला सांभाळणारा यल्लप्पा, सगळे. त्रेसष्टावी सही सरोजाची. सगळ्यांचा मिळून एकच दावा: आम्हाला बसायची सोय द्या, आणि सरोजाला कामावर परत घ्या. वकील निंबर्गीबाई. बुटक्या, चष्मेवाल्या, आणि बोलताना समोरच्याच्या शर्टाचं बटण बघणाऱ्या.

मी पेन उघडून उभा. "बाई, माझी सही कुठं करू?"

त्यांनी माझ्या बटणाकडं बघितलं. "मास्तर, तुम्ही बसता. तुमची तक्रार काय?"

"माझी... यांना बसायला मिळत नाही ही."

"ती यांची तक्रार झाली. तुमची?"

मी विचार केला. सापडेना. पेन बंद केलं. तेव्हापासून माझा जो गोंधळ सुरू झाला तो आजतागायत. बासष्टांत मी नाही, कंपनीतही मी नाही. चौसष्ट माणसांत मी कुणाकडचा?

दाव्याच्या पहिल्या तारखेला मीही कोर्टात गेलो. कुणी बोलावलं नव्हतं, पण घरी बसवेना. बायका आत, जागा नाही म्हणून मी बाहेर बाकावर. शेजारी काळ्या कोटातला एक गृहस्थ. काय त्याचं बोलणं! मऊ, जसं जुनं मांजरपाट. म्हणाला, "चहा घेणार?"

मी म्हणालो, "आपण?"

"याच केसमध्ये आहे."

झालं. मला वाटलं निंबर्गीबाईंचा जोडीदार. त्यानं दोन कप मागवले आणि म्हणाला, "मास्तर, तो पडदा काय प्रकार आहे हो? मी नुसतं ऐकलंय."

अहो, मला कुणी आयुष्यात कधी गोष्ट सांगायला सांगितली नव्हती. मीच लोकांना धरून सांगायचो. इथं काळा कोट घातलेला माणूस स्वतःच्या खर्चानं चहा पाजून विचारतोय! मी सुटलो. पडदा, टीप, गठ्ठा, फोन. "रोज चाळीस बायका बसवायचो साहेब! रोज चाळीस! गठ्ठा खचला, दुसरा आणला. तिसरा आणला. खांडके सगळं बघायचा आणि वर म्हणायचा, बसू द्या मास्तर, दमल्यात."

"खांडके असं म्हणायचे?"

"अहो, उशी आणून द्यायचा!"

गृहस्थानं एका छोट्या वहीत लिहिलं. कप खाली ठेवला. माझा हात हातात घेतला. "फार उपयोग होईल याचा," म्हणाला.

पंधरा दिवसांनी घरी कागद आला. साक्षीला हजर राहा. बायकोनं दिवाणखान्यातल्या उजेडात नेऊन दोनदा वाचला. "अहो, तुम्ही कुणाचे साक्षीदार आहात?"

"आपल्याच बायकांचा."

"इथं लिहिलंय, कंपनीतर्फे."

मी चपला घालून तसाच निंबर्गीबाईंकडं. त्या ऑफिसात शेंगा खात बसल्या होत्या. माझ्यापुढं एक टाइप केलेला कागद सरकवला.

"वाचा. कंपनीचं म्हणणं आहे. 'टेलरिंग विभागात कर्मचाऱ्यांसाठी बसण्याची सोय आहे. रोज किमान चाळीस कर्मचारी आळीपाळीनं विश्रांती घेतात. व्यवस्थापनाची त्यास संमती आहे. उशी पुरवली जाते.' उशी! मास्तर, ही उशी कुठनं आली?"

"गोष्टीतनं."

"त्या धारपांना तुम्ही सांगितलंत हे. कंपनीच्या वकिलाला."

"तो कंपनीचा वकील होता?"

"मग कोण होता?"

"मला वाटलं, तुमचा नवरा."

बाईंनी चष्मा काढला. "मास्तर, खरं सांगा. रोज किती बायका बसायच्या?"

"सात. एखाद्या दिवशी आठ."

"मग चाळीस का सांगितल्या?"

"बाई, गोष्टीत सात-आठ शोभत नाहीत."

त्यांनी शेंगांची टरफलं गोळा केली, पुन्हा पसरली. मग लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "नीट ऐका. तुम्ही कोर्टात म्हणालात, सगळ्या बसायच्या, तर कंपनी म्हणणार, बघा, सोय आहेच. बासष्ट जणांचा दावा गेला. कळलं?"

"कळलं. मग मी म्हणतो, कुणीच बसत नव्हतं."

"मग सरोजा एकटीच बसली. कामचोर. तिला काढली ते बरोबर झालं."

"मग बसायच्या पण आणि नाही पण?"

"मास्तर, खरं काय आहे?"

"खरं असं आहे की बसायच्या. पण कंपनीला माहीत नव्हतं. मीच फोन करून, खोटं सांगून बोलवायचो."

बाई बटणाकडं बघत म्हणाल्या, "काय सांगायचं हे मी तुम्हाला शिकवू शकत नाही. पण आत्ता जे बोललात, त्यात दोन्ही वाचतात. कंपनीनं सोय दिली नव्हती म्हणून दावा वाचतो, आणि सरोजा तुमच्या बोलावण्यावरनं आली होती म्हणून तीही वाचते. फक्त..."

"फक्त?"

"तुम्ही दीड वर्ष कंपनीला फसवलंत हे कोर्टापुढं कबूल केलंत असं होईल. तुमचं स्टूल जाईल."

मी घरी आलो. डोकं नुसतं पडद्याच्या काठासारखं, भोकच भोक. आयुष्यभर थापा मारल्या, त्यातली एक कधी कुणाला लागली नाही. आणि आता बघा, खोटं बोललो तर कोण बुडतं, खरं बोललो तर कोण बुडतं, अर्धं खरं बोललो तर कोण, याचा हिशेब बसेना. बायकोला विचारलं, ती म्हणाली, "तुम्ही खरं कधी बोललात ते आठवा, म्हणजे कसं बोलतात ते कळेल." दोघांनी मिळून आठवलं. लग्नाच्या वेळी वय खरं सांगितलं होतं, एवढं एक निघालं. तेही दोन वर्षांनी चुकलेलं.

साक्षीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सरोजा घरी आली. रिक्षातनं उतरली ती पाय ओढत. बायकोनं खुर्ची दिली, तर आधी खुर्चीला हात लावून बघितला, मग बसली. सवय.

"मास्तर, उद्याचं."

"हं."

"मला निंबर्गी मॅडमनी सांगितलं सगळं. तुम्हाला काय सांगावं लागतं ते." तिनं पदर बोटाला गुंडाळला. "तुमचंपण वय झालंय. हे काम गेलं तर दुसरं कोण देईल? मला कळतंय की ओ. पण मला एवढंच वाटतं, तुम्ही फक्त म्हणा, 'मीच बोलवायचो.' दोनच शब्द. ऑपरेशनची तारीख एकदा गेली, दुसरी घेतलीय. कामावर नाही घेतलं तर कार्ड बंद होतंय आणि ती पण जातीय. पाय असाच राहिला तर मला कुठंच उभं राहून काम जमणार नाही. आणि बसून काम मला कोण देतंय?"

"सरोजा," मी म्हणालो, "उद्या बघ तू. असं सांगतो, असं सांगतो, की न्यायाधीशबाईसुद्धा..."

"तसं नको," ती म्हणाली. "जास्त नको. दोन शब्द बास."

आणि आता कोर्ट. इथं तुम्ही जरा पुढं सरकून बसा.

कोर्ट भरलेलं. एका बाजूला बासष्ट बायका-बाप्ये, मागं भिंतीला टेकून, कारण बाकं कमी पडली. कोर्टातही उभेच! पुढं सरोजा. दुसऱ्या बाजूला खांडके आणि मुंबईचा साहेब. मधे मी, पिंजऱ्यात. आणि टेबलावर, कोर्टाच्या ताब्यात, तो हिरवा पडदा. घडी करून, वर चिठ्ठी लावून.

धारप उठले. तोच मऊ आवाज. "मास्तर, टेलरिंग विभागात तुमच्याबरोबर कोण बसायचं?"

मी म्हणालो, "साहेब, सांगून कळायचं नाही. करून दाखवावं लागेल."

"म्हणजे?"

"मला मशीन मागवा."

मागवलं! कोर्टाच्या आवारातल्या एका टायपिस्टचा भाऊ शिंपी, त्याचं मशीन दोघांनी उचलून आणलं. मी बसलो, पडदा उलगडला. बारा फूट. कोर्टाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "आता याचं दुसरं टोक कुणीतरी धरा," मी म्हणालो. कुणी हलेना. धारपांनी धरायला हात केला, मी म्हणालो, "तुम्ही नको, तुम्ही एका बाजूचे. जे कुठल्याच बाजूचं नाही त्यानं धरावं." सगळे इकडं तिकडं बघायला लागले. कुठल्याच बाजूचं कोण?

न्यायाधीशबाई उठल्या. खाली आल्या. पडद्याचं टोक हातात घेतलं.

"उभ्यानं धरा बाईसाहेब," मी म्हणालो. "इथं बसायचा नियम नाही."

आणि मी टीप घालायला सुरुवात केली. सावकाश. एक-एक टाका. दहा मिनिटं झाली. अर्धा तास झाला. बाईंनी वजन या पायावरनं त्या पायावर घेतलं. "कोपर टेकायचं नाही बाईसाहेब." पाऊण तास. कपाळावर घाम. कोर्टात पंख्याशिवाय आवाज नाही. तास झाला. मग बाईंनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि शेजारी फायलींचा गठ्ठा होता, त्यावर हळूच टेकल्या.

मी मशीन थांबवलं.

"झोपू नका बाईसाहेब," मी म्हणालो, "पत्र मिळेल."

अहो, अख्खं कोर्ट! शिपाई तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाला. मुंबईचा साहेब काळा-निळा. मी पिंजऱ्यात परत चढलो आणि छाती काढून म्हणालो, "मीच बोलवायचो. त्रेसष्टच्या त्रेसष्टांना. कंपनीला पत्ता लागू न देता. मला काय शिक्षा द्यायची ती द्या, आणि माझं स्टूल या बाईला द्या."

बाईंनी तिथंच, फायलींवर बसल्या बसल्या निकाल लिहायला घेतला. महिन्याभरात स्टुलं आली. दुकानात रांगेनं मांडली तेव्हा सोलापूर बघायला लोटलं. आणि सरोजा परत कामाला गेली. कशी? वाजत गाजत! खांडकेनं आपल्या खिशातल्या रुमालानं तिचं स्टूल पुसलं आणि म्हणाला, बसा सरोजाबाई. ऑपरेशन झालं, पाय बघाल तर नव्या नवरीचा. आजही ती तिथं साड्यांच्या विभागात, खिडकीशेजारच्या स्टुलावर...

"ओ मास्तर."

आवाज दारातनं आला. माझ्या या दुकानात काजं-बटणं करणारी अक्का दोरा आणायला गेली होती, ती परत येऊन उंबऱ्याशी उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. गिऱ्हाइकांतला एक जण उठून तिला जागा द्यायला लागला.

"बसा तुम्ही," ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "सरोजा जर साड्यांच्या विभागात खिडकीशेजारी बसलीय, तर अकरा वर्षं तुमची काजं कोण करतंय?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले, मग तिच्या पायाकडं. मी दुकानाची कात्री उचलली, ठेवली.

"अगं, गोष्ट सांगत होतो. लाईट नाही म्हणून..."

"कोर्टात मशीन नव्हतं," ती गिऱ्हाइकांना म्हणाली, जसा शिलाईचा भाव सांगावा तसं. "पडदा कधीच फेकला होता. न्यायाधीशबाई खुर्चीवरनं उठल्या नाहीत. स्टुलं आली, ते खरंय. बासष्ट आली. धारपांनी विचारलं, मास्तर, तुमच्याबरोबर कोण बसायचं? मास्तर म्हणाले, कुणी नाही साहेब. फक्त ती, त्या एका दिवशी. आणि तीही मला न विचारता."